काट्यावरून नेमकं काय उतरलं?

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांचा विषय साताऱ्यात किंवा सांगलीत निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या सुईनं जास्त किलो उतरतात? दुसरा प्रश्न, महिन्याला किती पडतं? एवढ्यावर तुलना संपते. ही तुलना अपुरी आहेच, पण आपल्या भागातल्या शरीरांसाठी ती घातकही आहे, असं माझं ठाम मत आहे. सेमाग्लुटाइड घ्यावं की टिर्झेपटाइड, याचं उत्तर काटा देऊ शकत नाही. उतरलेल्या वजनात चरबी किती होती आणि स्नायू किती, औषध दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चालू ठेवणं झेपणार आहे का, आणि वजनाच्या आड कुठला आजार बसला आहे, या तीन गोष्टी तपासल्याशिवाय ते मिळत नाही. किलो आणि किंमत यांची पाळी त्यानंतर येते.

आधी काट्याची बाजू

काट्याची बाजू मुळीच दुबळी नाही. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूला ‘पुरे’ असं कळवतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि साखर चढली असेल तर इन्सुलिन सोडायला लावतं. पण अवघ्या एक-दोन मिनिटांत त्याचं रक्तातलं काम संपतं. ही औषधं म्हणजे त्याच निरोपाची टिकाऊ आवृत्ती. लिराग्लुटाइड रोज टोचावं लागतं, सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा. टिर्झेपटाइडही आठवड्याचंच, पण ते जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

चाचण्यांचे आकडे स्पष्ट आहेत. लिराग्लुटाइडनं ५६ आठवड्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यांत जवळपास १५ टक्के, आणि २०२२ च्या चाचणीत टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसनं ७२ आठवड्यांत जवळपास २१ टक्के. २०२५ मध्ये या दोघांना एकाच चाचणीत समोरासमोर उभं केलं, तेव्हा टिर्झेपटाइडच्या गटात २०.२ टक्के आणि सेमाग्लुटाइडच्या गटात १३.७ टक्के घट दिसली. म्हणजे किलोंच्या शर्यतीचा निकाल लागलेला आहे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वाद आहे तो ही शर्यत आपली आहे का, यावर.

पहिला मुद्दा: ती माणसं १०५ किलोंची होती

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड यांच्या त्या दोन्ही मूळ चाचण्यांत सहभागी झालेल्यांचं सरासरी वजन सुमारे १०५ किलो होतं आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, ३८ च्या आसपास. बहुसंख्य लोक गोरे होते. आता इस्लामपूर किंवा कोरेगावच्या दवाखान्यात बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. वजन ७८ किलो, हातपाय बारीक, पोट तेवढं सुटलेलं, शुगर आणि बीपी दोन्हींच्या गोळ्या चालू. १०५ किलोंच्या शरीरातून २० टक्के काढणं आणि या शरीरातून २० टक्के काढणं सारखं नाही.

का नाही, हे समजून घ्यायला दूर जायची गरज नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनाच्या हिशेबात दोघे सारखे, आतून मात्र पार वेगळे. याज्ञिकांच्या गटानं त्याआधी, १९९३ पासून, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची भरली, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांत स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरले. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं शाबूत होती. बारीक दिसणारं, पण चरबी राखून असलेलं शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो, हा त्याचा अर्थ.

सातारा-सांगलीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. दोन्ही जिल्ह्यांचे दोन-दोन चेहरे आहेत. एकीकडे कऱ्हाड, वाळवा, पलूसचा बागायती कृष्णाकाठ. दुसरीकडे माण, खटाव, आटपाडी, जतचा दुष्काळी पट्टा. १९७२ च्या दुष्काळात जे आईच्या पोटात होते, त्यांनी आज पन्नाशी ओलांडली आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या उपासमारीत, आईच्या पोटात असलेल्या डच मुलांत मोठेपणी साखरेची तक्रार जास्त आढळली, हे सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडच्या बाहत्तरच्या पिढीची अशी मोजणी माझ्या पाहण्यात नाही, पण तर्क त्याच दिशेला जातो. पोटात असताना उपासमार आणि तिशीनंतर पाणी, ऊस, दुचाकी व बसून काम, असा प्रवास केलेल्या शरीरात स्नायूंची शिल्लक मुळातच थोडी असते.

आणि वजन उतरतं तेव्हा फक्त चरबी उतरत नाही. सेमाग्लुटाइडच्या त्या चाचणीत काही जणांचं शरीर क्ष-किरणांनी मोजलं, तेव्हा उतरलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. टिर्झेपटाइडच्या चाचणीत हा भाग सुमारे २५ टक्के निघाला. दोन्ही चाचण्या वेगळ्या असल्यानं हे आकडे शेजारी ठेवून विजेता ठरवू नये. शिवाय हा सगळा भाग स्नायूंचा नसतो. त्यात पाणी येतं, यकृताचा आकार कमी होणंही येतं. तरी त्यात स्नायू असतोच. ज्याच्याकडे तो भरपूर आहे त्याला हा तोटा परवडतो. ज्याच्याकडे जेमतेम आहे, त्याचा काटा उतरल्याबद्दल घरात पेढे वाटले जातात आणि तोच माणूस जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकायला लागतो.

ताटाकडे पाहा

हा तोटा कसा होतो, ते ताटात दिसतं. इंजेक्शन सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भूक मरते. दोन भाकरींच्या जागी अर्धी उरते, आमटीची वाटी तशीच राहते, आणि मळमळ होते म्हणून माणूस चहा-बिस्किटावर, पेजेवर किंवा दहीभातावर दिवस काढतो. घरचे म्हणतात, ‘चला, खाणं आटोक्यात आलं.’ पण हिशेब करा. ७८ किलोंच्या माणसाला वजन उतरत असताना स्नायू टिकवायचे, तर दिवसाला साधारण ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील. अर्ध्या भाकरीत ती तीन ग्रॅम असतात. वाटीभर पातळ आमटीत चार-पाच. पेलाभर दुधात आठ, दोन अंड्यांत बारा, मूठभर शेंगदाण्यांत सहा-सात. बाकीची कुठून आणायची?

महागड्या डब्यातली पावडर हा एकच मार्ग नाही. कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. १०० ग्रॅम कोरड्या घेवड्यात वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. मटकीचंही तसंच. भिलवडीपासून फलटणपर्यंत दुधाच्या गाड्या फिरतात. या भागात प्रथिनांचा दुष्काळ नाही; ताटात त्यांना पहिला मान देण्याची सवय नाही, आणि इंजेक्शन घेणाऱ्याच्या पोटात जागाच थोडी असते. म्हणून ताटात आधी उसळ किंवा अंडी, मग भाकरी, हा क्रम औषधाच्या डोसाइतकाच काटेकोर पाळायला हवा.

दुसरी गोष्ट ताकदीच्या व्यायामाची. रोज चालणं चांगलंच, पण चालण्यानं स्नायू राखला जात नाही. त्याला वजन उचलावं लागतं, बैठका माराव्या लागतात. १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांच्या मातीत ताकद म्हणजे काय हे शिकवायला कुणी बाहेरून यायला नको. जोर-बैठकांची तालीम गावात आहे. पन्नाशीच्या बाईनंही खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस करायची असते, हे मात्र कुणी तिला सांगत नाही.

दुसरा मुद्दा: दुसरं वर्ष

औषधं सहा महिन्यांच्या निकालावर निवडली जातात, आजार मात्र आयुष्यभराचा असतो. सेमाग्लुटाइडच्या चाचणीतल्या ३२७ जणांना औषध थांबवल्यावर आणखी एक वर्ष तपासत राहिले. उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. टिर्झेपटाइडच्या दुसऱ्या एका चाचणीत ३६ आठवड्यांनंतर अर्ध्या लोकांचं औषध गुपचूप बदलून साधं पाणी दिलं, तेव्हा वर्षभरात त्यांचं वजन १४ टक्क्यांनी वाढलं. ज्यांचं औषध चालू राहिलं त्यांचं आणखी साडेपाच टक्के उतरलं. जास्त ताकदीचं औषध थांबवल्यावर जास्त टिकतं, असं झालं नाही. आणि वजन परत येतं तेव्हा गेलेला स्नायू आपोआप परत येईल, याची हमी नाही. असं दोन-तीन वेळा सुरू-बंद केलं, तर काटा मूळ जागी आणि शरीर मूळच्याहून दुबळं, अशी गत होऊ शकते.

आता खर्च. टिर्झेपटाइड ‘मौंजारो’ नावानं मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. त्याचं पेन आलं तेव्हा महिन्याचा खर्च डोसानुसार १४,००० ते २७,५०० रुपये होता. सेमाग्लुटाइडचं ‘वेगोवी’ जून २०२५ मध्ये आलं. सुरुवातीच्या डोसाचा महिना १७,३४५ रुपयांचा होता, तो नोव्हेंबरमध्ये १०,८५० वर आणला गेला. आपण १४,००० धरू. वर्षाचे झाले १ लाख ६८ हजार. २०२५-२६ च्या हंगामाची उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यांनी द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा न करताही ४७ टन ऊस. कृष्णाकाठच्या साधारण शेतकऱ्याचा एक एकर दरवर्षी या सुईत जातो आणि तरी पुरत नाही. हा खर्च पहिल्या वर्षी हौसेनं होतो. दुसऱ्या वर्षी मुलीची फी, पाइपलाइन किंवा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढ्यात येतं आणि पेन बंद पडतं.

म्हणून माझा निकष असा: ज्या औषधाचा जो डोस तीन वर्षं झेपेल, तो डोस त्या माणसासाठी श्रेष्ठ. दहा टक्के उतरून टिकणारं वजन वीस टक्के उतरून परतणाऱ्या वजनापेक्षा मोलाचं आहे. झेपणार नसेल तर सुरूच न करणं हाही वैद्यकीय निर्णय आहे आणि डॉक्टरांनी तो रुग्णासमोर उघडपणे ठेवायला हवा.

झेपण्यात फक्त पैसा येत नाही. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. बाहेर राहायची मुभा ठरावीक दिवसांची आणि तीही साधारण ३० अंशांच्या आतली. मिरजेहून थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसोबत पेन घेऊन माणूस एप्रिलमधल्या दुपारी जतच्या एस.टी.त बसतो. बाहेर चाळीस अंश. घरी पोचल्यावर घाईनं ते फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बर्फाला लागून ठेवलं जातं. गोठलेलं पेन दिसायला जसंच्या तसं असतं, पण ते वापरायचं नसतं. चिठ्ठी लिहिताना ‘घरी फ्रीज आहे का, लाइट किती तास जाते?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

तिसरा मुद्दा: वजनाच्या आड कोण बसलंय?

वजन हे लक्षण आहे. त्यामागचा आजार कोणता, यावर औषध बदलतं, आणि इथं किलोंची क्रमवारी उलटीपालटी होते.

ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, वजन जास्त आहे, पण मधुमेह नाही, त्याच्यासाठी सेमाग्लुटाइडकडे भक्कम पुरावा आहे. १७,६०४ जणांच्या, २०२३ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत हृदयाघात, पक्षाघात व हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. प्रत्यक्षात ते ८ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर आलं. फायदा खरा आहे, पण जादूचा नाही. मधुमेहामुळं मूत्रपिंड खराब होत असेल, तरीही सेमाग्लुटाइडच्या बाजूनं स्वतंत्र चाचणी आहे. झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी मात्र अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली ती टिर्झेपटाइडला. शुगर आटोक्यात आणण्यातही ते सरस ठरलं आहे. जुनं आणि किलोंमध्ये मागं पडलेलं लिराग्लुटाइड मधुमेही हृदयरुग्णांत २०१६ मध्येच उपयोगी ठरलं होतं, आणि त्याच्या मधुमेहावरच्या भारतीय आवृत्त्या आधीपासून मिळतात.

आणखी एक गोष्ट शेजारपाजारच्या तुलनेत हरवते. मधुमेह असलेल्यांचं वजन या औषधांनी कमी उतरतं. सेमाग्लुटाइडनं १५ ऐवजी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, टिर्झेपटाइडनं २१ ऐवजी १५ च्या आसपास. शेजारणीचे पंधरा किलो गेले आणि माझे सातच, म्हणून डोस वाढवून मागणारा मधुमेही माणूस स्वतःवर अन्याय करतो. तो ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल आणि ते कमी न करता सुई चालू झाली, तर साखर एकदम खाली जाऊन तो रस्त्यात कोसळू शकतो. हा धोका काट्यावर कधीच दिसत नाही.

ज्यांच्यात आजारच नाही, त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. लग्नाआधी सहा किलो उतरवायला ही सुई नाही. बीएमआय ३०, किंवा सोबत आजार असेल तर २७, ही मान्यतेची चौकट आहे. भारतीय शरीरांसाठी ती खाली आणावी, या मताला आधार आहे. पण ‘आजारच नको’ असा त्याचा अर्थ होत नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं, आणि टिर्झेपटाइड सुरू करताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. नवऱ्या मुलीच्या आईला हे कोण सांगतं?

आक्षेप

‘शेतात राबा, कशाला सुया हव्यात?’ हे वाक्य मी आदरानं ऐकतो, कारण म्हणणाऱ्यानं कष्ट केलेले असतात. पण भूक ही चारित्र्याची परीक्षा नाही. वजन उतरलं की शरीर स्वतःच भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. म्हणून निव्वळ निश्चयावर उतरलेलं वजन बहुतेकांचं परत येतं. ज्याचं यकृत चरबीनं भरलंय, गुडघे गेलेत, झोपेत श्वास अडकतोय, त्याला हे औषध नाकारणं म्हणजे चष्मा मागणाऱ्याला डोळे फाडून बघ म्हणण्यासारखं आहे. माझा विरोध औषधाला नाही, मापाला आहे.

‘स्वस्त झाल्यावर सगळं सुटेल.’ सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. त्यानंतर भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. किमती उतरणं ही चांगलीच गोष्ट आहे आणि माझा उसाचा हिशेब त्यामुळं सौम्य होईल, हेही मान्य. पण किंमत उतरते तेव्हा सोबतची देखरेख स्वस्त होत नाही. डोस हळूहळू वाढवणं, आहार बघणं, पोटात कळ येऊन पाठीकडे गेली तर स्वादुपिंडाची सूज ओळखणं, भूल द्यायच्या आधी हे औषध चालू आहे का ते विचारणं, याला वेळ आणि माणूस लागतो. दहा हजारांचं पेन घेणारा निदान डॉक्टरांकडे परत येतो. दोन हजारांचं पेन मेडिकलच्या काउंटरवरून थेट घरी जाईल, ही माझी काळजी आहे. ज्या राज्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे २३ टक्के बायका जाड आणि जवळपास २१ टक्के बारीक आढळल्या, तिथं भूक मारणारं औषध बिनचिठ्ठीचं फिरणं परवडणारं नाही.

‘तुलना डॉक्टर करतील, आपण कशाला?’ कुठलं औषध हृदयाला बरं, हे डॉक्टरांनाच कळतं. पण दुसऱ्या वर्षी पैसे असतील का, घरात उसळ कोण शिजवणार, हे रुग्णालाच कळतं. दोघांपैकी एकानं जरी तोंड मिटलं, तर निवड काट्यावर येऊन पडते.

मिरज-कऱ्हाडकडे एक मागणी

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून सांगली, सातारा आणि उत्तर कर्नाटकातली माणसं तिथं उपचाराला येत आली आहेत. आज मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कऱ्हाडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्यात नवं शासकीय महाविद्यालय. आपल्या शरीरांवर ही औषधं दुसऱ्या वर्षी काय करतात, हे १०५ किलोंच्या माणसांवरून कळणार नाही. ते इथंच मोजावं लागेल. मागणी फार मोठी नाही. इंजेक्शन सुरू होणाऱ्या प्रत्येकाच्या कार्डावर वजनाच्या शेजारी आणखी चार रकाने काढा: कमरेचा घेर, मुठीची पकड, खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता आलं, आणि औषध बंद केलं असेल तर कधी व का. पकड मोजायचं साधन एका महिन्याच्या पेनपेक्षा स्वस्त मिळतं, आणि कमरेला टेप लावायला तर काहीच पडत नाही.